बोटीचे कान टोचणारा मिस्त्री

तळ्याकाठी पत्र्याची एक लांबुळकी शेड होती आणि तिच्यात एकेचाळीस वर्षं एकच माणूस लाकडी बोटी बांधत आला होता. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. वय बासष्ट, उंची बेताची, मनगटं मात्र पैलवानाची. फळ्यांच्या फटींत सूत ठोसायला मोगरी चालवून चालवून उजवा कान पार गेला होता, आणि डावा आपल्या मर्जीने चालायचा. "यांना कामाचं सोडून सगळं ऐकू येतं," असं त्यांची बायको म्हणायची, आणि तेही नेमकं त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून. रंगकाम तिचं, तेल पाजायचं काम तिचं, आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगायचं कामही तिचंच होतं.

त्या वर्षी तळ्याचा तळ मोजायला एक बाई आल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आठवड्याभरात लोकांनी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवून टाकलं. त्यांनी भाड्याने घेतलेली बोट होती मिस्त्रींच्या मेव्हण्याची, आणि ती बांधली होती मिस्त्रींनी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. बाईंचं यंत्र बोटीच्या मागच्या अंगाला एका पट्टीवर टांगलेलं होतं. पण तिथे इंजिनाच्या पंख्याचा फेस. पडद्यावर तळ दिसायचा सोडून नुसता कापूस पिंजल्यासारखं दिसायचं. आठ दिवस हकनाक गेले, तेव्हा बाई आणि मेव्हणा दोघंही शेडमध्ये येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, बोटीच्या पोटाखाली सोनार बसवायचाय," बाई म्हणाल्या.

"बोटीला?" मिस्त्रींची बायको ब्रश धूत होती, तिने मान वर केली. "दागिने करायचेत का तिला?"

बाई हसल्या. मेव्हणा हसला नाही. तो आणि मिस्त्री तसे एकमेकांना पाण्यात पाहणारे नव्हते, पण बोटीची गोष्ट निघाली की मेव्हण्याचा जीव वरखाली व्हायचा. "ताई, हसू नकोस. त्यासाठी तळाला भोक पाडायचं म्हणतात. एवढं," आणि त्याने अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवलं. "भावोजी, तुम्हीच सांगायचात ना, बोट म्हणजे भांडं आणि भांड्याला कुणी आपण होऊन भोक पाडत नाही?"

"कान सोनारानेच टोचावेत म्हणतात," बायको म्हणाली. "इथे सोनारासाठी सुतार टोचणार. एवढाच काय तो फरक."

बाईंनी फडक्यातून काढून दिलेली वस्तू मिस्त्री हातात घेऊन बघत होते. काशाची, जड, मोठ्या भूछत्रासारखी. वर वाटीएवढं सपाट डोकं, खाली आटे पाडलेला दांडा, आणि दांड्यातून निघालेली काळी वायर.

"यातून काय होतं?"

"यातून आवाज निघतो. आपल्याला ऐकू येत नाही इतका बारीक. तो सरळ खाली जातो, तळावर आपटतो आणि परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की खोली कळली."

"परत आलेला कोण ऐकतं?"

"हाच."

"म्हणजे तोंडही हेच आणि कानही हेच." मिस्त्रींनी ती वस्तू उलटी केली, सुलटी केली. "आणि चाळीस मीटर खाली जाऊन यायला किती वेळ लागतो?"

"पापणी लवायच्या आत."

मिस्त्रींनी मुद्दाम एकदा पापणी लववली. मग म्हणाले, "बोट उद्या वर ओढू."

बोट रुळांवरून ओढून शेडमध्ये आणली, दोन्ही अंगांना टेकू लावले. अडचण काय ती मिस्त्रींना बघताक्षणी कळली. बोटीचा तळ परातीसारखा सपाट नव्हता. मधल्या कण्यापासून तो दोन्हीकडे तिरपा वर चढत गेलेला, उघड्या पुस्तकासारखा. यंत्र तसंच फळीला चिकटवून बसवलं, तर त्याचं तोंड खाली न राहता बाजूला वळणार. भलतीकडे ओरडणार आणि उत्तरही भलतीकडून येणार. म्हणजे तळ तिरपा असला तरी यंत्राचं तोंड बरोबर पाताळाकडे राहील, असा लाकडाचा ठोकळा मधे घालायला हवा होता.

ओळंबा सोडून, तिरका गुण्या लावून त्यांनी फळीचा कोन घेतला. वीस अंश. जुन्या, चांगल्या मुरलेल्या कठीण लाकडाचा एक ठोकळा शोधला, त्यावर रेघ मारली, पट्टा करवत चालू केली. बायको बोटीच्या आत उतरून यंत्राच्या जागेवरचा जुना रंग खरवडत होती. तिचा पाण्याचा डबा कलंडला. ती वरून काहीतरी म्हणाली. मिस्त्रींना करवतीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग ती खाली उतरली, करवतीचं बटण बंद केलं आणि त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाली, "अहो, आत पाणी सांडलं. ते सगळं उजव्या अंगाला का धावतंय?"

मिस्त्री आधी हसले, मग हसता हसता थांबले आणि तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसले. बोट टेकूंवर एका बाजूला कलली होती. डोळ्यांना दिसण्याजोगं नव्हतं, पण पाण्याला दिसलं होतं. त्यांनी कोन घेतला होता तो कललेल्या बोटीचा.

"किती चुकलं असतं?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंनी वहीवर आकडेमोड केली. "दोन अंश धरले तर चाळीस मीटर खाली साधारण दीड मीटर. चालून जाईल तसं."

"चालून जाणारं काम ऑफिसात करतात," मिस्त्री म्हणाले, आणि मग आपण कुणाला काय बोललो ते लक्षात येऊन जीभ चावली. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं नाही.

अठ्ठावीस वर्षं पाण्यात राहून बोटीच्या दोन्ही कुशींवर पाण्याच्या डागाची रेघ उमटली होती. पाण्यात ती नेमकी कशी बसते, याचा तोच दाखला. मिस्त्रींनी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. एक टोक स्वतः एका बाजूच्या डागाला धरलं, दुसरं बायकोने दुसऱ्या बाजूला धरलं. डाव्या अंगाचा डाग दोन बोटं वर निघाला. मग टेकूंखाली एकेक पाचर ठोकत ठोकत पूर्ण दुपार गेली. केव्हा तरी नळीतलं पाणी दोन्हीकडे डागाच्या रेघेवर येऊन स्थिर झालं. पुन्हा ओळंबा, पुन्हा गुण्या. अठरा अंश.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळ्याला आधी वरून खाली सरळ भोक पाडलं आणि मग अठरा अंशांवर तो आडवा कापला. ठोकळ्याचे दोन तुकडे झाले, दोन पाचरींसारखे. बाई बघत होत्या, आणि मेव्हणा बघत नसल्याचं दाखवत बघत होता. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे हातात घेऊन दाखवले. एक तुकडा बोटीच्या बाहेरून, एक आतून. मधे तिरपी फळी. बाहेरच्या तुकड्याचं खालचं तोंड सपाट, म्हणजे यंत्र सरळ खाली बघणार. आतल्या तुकड्याचं वरचं तोंड सपाट, म्हणजे नट सरळ बसणार. एकाच कापातून दोन्ही निघालेले, त्यामुळे एकाचा तिरपेपणा दुसऱ्याने बरोबर खाऊन टाकलेला. बाहेरच्या तुकड्याला त्यांनी रंधा आणि पटाशी घेऊन माशाच्या डोक्यासारखा आकार दिला, पाणी त्याला न भांडता कडेने निघून जावं म्हणून.

भोक पाडायची सकाळ उजाडली. पंख्याच्या दांड्याचं आणि इंजिनाच्या पाण्याचं सोडलं, तर या बोटीला पाण्याखाली दुसरं भोक नव्हतं. मिस्त्रींनी फळीवर तळवा ठेवला. ही फळी त्यांनी तिशीत बसवली होती, तेव्हा दोन्ही कान शाबूत होते. ओळंब्याच्या दोरीला जुळवून आधी बारीक ड्रिल घातलं, फळीला काटकोनात नाही, धरणीकडे सरळ. मग गोल करवत. भुसा आधी काळपट पडला, मग तांबूस, मग अगदी ताज्या लाकडाच्या रंगाचा. शेवटी एक गोल चकती सुटून त्यांच्या हातात आली आणि बोटीच्या पोटात उजेडाचा एक गोल पडला. मेव्हण्याने तोंड फिरवलं.

मिस्त्रींनी चकतीची कड नखाने दाबून पाहिली. टणक, कोरडी. त्यांनी ती मेव्हण्याच्या हातात ठेवली. "बघ. अजून तुझ्या नातवाला पुरेल."

पुढचं काम सावकाशीचं होतं. भोकाच्या कडांना तीनदा रंग पाजला. दोन्ही तुकड्यांना पाणी अडवणारं सीलंट फासलं. नट हाताने फिरवला, मग पान्याने पाव फेरा, बस. मेव्हण्याला तो अजून आवळायला हवा होता. "फळी पाणी पिऊन फुगणार आहे," मिस्त्री म्हणाले. "तिला श्वास घ्यायला जागा ठेव, नाहीतर तीच ठोकळा फोडेल."

दोन दिवसांनी बोट पाण्यात सोडली. मेव्हणा देव पाण्यात घालून बसल्यासारखा काठावर बसला होता. मिस्त्री बोटीच्या पोटात उकिडवे बसले आणि नटाभोवती कोरडा बारीक भुसा पसरून त्याच्याकडे टक लावून राहिले. ओल आली की भुसा काळा पडणार. एक तास गेला. भुसा होता तसा पिवळा राहिला. मग बाईंनी वरून हाक दिली, "चालू करतेय."

मिस्त्रींनी नटाच्या वर निघालेल्या दांड्यावर चार बोटं ठेवली. ऐकू काहीच आलं नाही, ते अपेक्षितच होतं. पण बोटांना लागलं. टिक, टिक, टिक. हातात धरलेल्या चिमणीचं काळीज जसं लागतं, तसं. इतकं बारीक आणि इतकं नेमाने. त्यांनी श्वास रोखून धरला. एवढ्याशा या टिचकीचा आवाज आत्ता या घटकेला फळीखालून निघून, काळोख्या पाण्यातून, कुणी कधी न पाहिलेल्या तळाला शिवून परत येत होता. प्रत्येक वेळी येत होता. एकदाही वाट चुकत नव्हता.

"अहो, लागलं का काही?" बायकोने वरून वाकून विचारलं.

"बोलतोय," ते म्हणाले. ते तसेच हात ठेवून बसले, पाय बधिर होईपर्यंत.

त्या दिवशी चौघंही बोटीत होते. मेव्हणा सुकाणूवर, बाई पडद्यापाशी, मिस्त्री आणि बायको त्यांच्या मागे. पडद्यावर आता कापूस नव्हता. तळाची रेघ सुईने काढल्यासारखी सरकत होती. अकरा मीटर. पंधरा. एका जागी खडकांचा उंचवटा आला आणि ओसरला. बावीस. एकोणतीस. ज्या पाण्यावरून मिस्त्री जन्मभर गेले, त्याच्या खाली दऱ्या होत्या, उतार होते, एका जुन्या नदीचं पात्र वळणं घेत चाललं होतं. बाई पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "ही नदी. हे तळं व्हायच्या आधीची."

"आधीची म्हणजे?"

"तळं काही मुळापासून नव्हतं, मिस्त्री. कधीतरी तिकडचा डोंगर घसरला, नदी अडली आणि पाणी चढत गेलं."

उत्तरेच्या कोपऱ्यात पोचले तेव्हा बेचाळीस मीटर खोली होती. या कोपऱ्यात जाळं टाकलं की ते फाटूनच यायचं, ते का याचा पत्ता कुणालाच नव्हता. म्हणून तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. आणि तिथे पडद्यावर तळातून उभ्या रेघा निघायला लागल्या. एक, मग तीन, मग दाटीवाटीने. काही दहा मीटरांच्या, काही पंचवीस.

"मासे?" मेव्हण्याने विचारलं.

"मासे असते तर हलले असते," बाई म्हणाल्या. "परत घ्या बोट. त्याच वाटेने."

मेव्हण्याने बोट वळवली आणि पुन्हा त्याच रेघेवरून आणली. उभ्या रेघा जिथल्या तिथे होत्या. तिसऱ्यांदा आणली. तिथेच. मिस्त्री पडद्याजवळ सरकले. नाक पडद्याला लागेल इतके जवळ.

"खाली जाड आहेत," ते हळूच म्हणाले. "वर बारीक होत गेल्यात. आणि ही बघा, या बाजूला फांदी निघालीय." "बाई, ही झाडं आहेत. उभी आहेत."

इंजिन बंद केलं. बोट वाहत्या पाण्याबरोबर आपोआप सरकत राहिली आणि पडद्यावर ते अरण्य एका कडेने आत येत राहिलं, दुसऱ्या कडेने जात राहिलं. शेकड्यांनी झाडं. सगळ्यात उंच झाडाचा शेंडा बोटीच्या तळाखाली चौदा मीटरवर होता. वर दुपारचं ऊन, गुळगुळीत पाणी, त्यावर एक बगळा उडत गेलेला. आणि खाली, पक्षी नाहीत, वारा नाही, पान नाही, नुसती उभी झाडं. मेव्हण्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मिस्त्रींच्या बायकोने नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं होतं.

"आपण एवढी वर्षं यांच्या शेंड्यांवरून येत-जात होतो," ती म्हणाली.

"पण ती कुजली कशी नाहीत?" मेव्हण्याने विचारलं.

हे मिस्त्रींना ठाऊक होतं. "लाकूड कुजतं ते हवा-पाण्याच्या सीमेवर. पूर्ण बुडलं की टिकतं. खांब बघ ना धक्क्याचे, कमरेत खातात, पाय तसेच." सांगता सांगता ते पुन्हा पडद्याकडे बघायला लागले.

महिन्याभराने पाणबुडे आले. त्यांनी एका मोडक्या फांदीचा वीतभर तुकडा कापून वर आणला. बाहेरून काळा, शेवाळी. बाईंनी तो आधी प्रयोगशाळेत न पाठवता शेडमध्ये आणला आणि मिस्त्रींच्या कामाच्या टेबलावर ठेवला. "टोकाचा एवढासा भाग तुमचा. बाकी मला हवाय."

मिस्त्रींनी रंध्याचं पातं पाजळलं. एकच हात फिरवला. काळ्या सालीखालून मधाच्या रंगाचा कागदासारखा पातळ छिलका वळत निघाला आणि शेडभर वास सुटला. गोडसर, थंड, किंचित तिखट. मिस्त्रींनी छिलका नाकाशी धरला. डोळे मिटले. आजवर कुठलंही लाकूड त्यांना दोनदा हुंगावं लागलं नव्हतं. हे त्यांनी चारदा हुंगलं, जिभेला लावलं, नखाने चिरून पाहिलं.

"कुठलं?" बायकोने विचारलं.

"ठाऊक नाही," मिस्त्री म्हणाले.

एकेचाळीस वर्षांत हे शब्द लाकडाच्या बाबतीत तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. ती थट्टा करणार होती. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने केली नाही. तिनेही छिलका घेऊन हुंगला.

उत्तर यायला दोन महिने लागले. झाडं बुडून नऊशे वर्षं झाली होती, थोडी इकडे-तिकडे. आणि ती ज्या जातीची होती, ती आता तळ्याच्या आसपास कुठेच उगवत नव्हती. दूर, उंच डोंगरांवर, जिथे बारा महिने गारवा असतो, तिथे तिची थोडी राई उरली होती. बाईंनी कागदावर गावाचं नाव आणि बसची वेळ लिहून दिली, मिस्त्रींनी न मागताच.

शेड दोन दिवस बंद राहिली. बसने सात तास, मग पायी दीड तास. बायकोचे गुडघे बोलत होते, पण ती थांबायला तयार नव्हती. वाट दाखवायला आलेल्या वनरक्षकाने एका वळणावर नुसता हात केला आणि तो मागेच उभा राहिला.

झाडं समोर होती. मिस्त्री जवळच्या झाडाशी गेले. बुंध्याला चौघांची कव पुरली नसती. सालीवर त्यांनी तळवा टेकला. खरखरीत, उन्हाने कोमट. खाली पडलेली एक काटकी उचलून मोडली आणि हुंगली, आणि बायकोपुढे धरली. तोच वास होता. फक्त याच्यात पाणी नव्हतं, ऊन होतं.

मग त्यांनी वर बघितलं. खोड चढत गेलं होतं, चढतच गेलं होतं, मान दुखायला लागली तरी संपेना. उंचावर कुठेतरी वारा चालला होता. शेंडे हलताना दिसत होते. मिस्त्रींना तो आवाज येत नव्हता.

"वाजतंय का गं वर काही?"

"वाजतंय," बायको म्हणाली. तिने थोडं थांबून नीट ऐकलं. "खूप लांबून पाणी येतंय असं वाटतं."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली आणि बुंध्याशी जमिनीवर सरळ उताणे झोपले, भर दिवसा, धुतलेल्या सदऱ्यानिशी. बायको "अहो, मुंग्या असतील," म्हणाली, इकडे-तिकडे कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि मग गुडघे सावरत त्यांच्या डाव्या बाजूला बसली. चौदा मीटर, बेचाळीस मीटर, असले आकडे मिस्त्री मनातल्या मनात लावत होते आणि ते कुठेच पुरत नव्हते. शेवटी त्यांनी मोजायचं सोडून दिलं. शेवटची बस साडेपाचची होती. बायकोने त्यांना साडेतीनपर्यंत उठवलं नाही.